घोडचा खरपा

सात वर्षं मी एकाच माशाच्या मागे होते, आणि तो मासा काही कुणाच्या ताटात मान मिळवणारा नाही. खरपा. वीतभर लांब, मातकट रंग, चपटं डोकं, वर आलेले डोळे, पुढे काढलेला खालचा जबडा. एकूण चेहरा असा की याला कुणीतरी सकाळी सकाळीच टोमणा मारलाय. बाजारात आला तर इतर बारीक माशांबरोबर वाट्यात जातो. पीएच.डी. कशावर करताय असं कुणी विचारलं आणि मी सांगितलं, की समोरचा माणूस जरा थांबतो आणि मग विचारतो, "खायला कसा लागतो?"

मी पूनम. गाव कवठे येमाई. शिरूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते, म्हणजे दरवर्षी जूनमध्ये मला नव्याने नेमतात आणि दरवर्षी माझा परिचय नव्याने करून घेतात. वय छत्तीस. माझे मार्गदर्शक सत्यजीत सर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत आणि तरीही मला "बाळा, वेळ निघून चाललीय" अशा सुरात बोलतात. वेळ निघून चालली होती हे मात्र खरं. नोंदणीची वाढीव मुदत मार्चअखेर संपत होती.

खरपा हा गोबी नावाच्या मोठ्या कुळातला. या कुळातले बहुतेक मासे समुद्रात आणि खाड्यांत राहतात, आमच्याकडच्या नद्यांत मोजकेच. गोबी ओळखायचा तर त्याला आधी उलटा करायचा. इतर माशांना पोटाखाली दोन सुटे पर असतात; गोबीत ते मधोमध जोडले जाऊन त्यांची एक वाटी झालेली असते. वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहायला ती कामी येते. पाठीवर पर दोन, पुढचा सहा काट्यांचा, मागचा मऊ. इतर माशांच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ असते ती याला नाही. त्याऐवजी गालांवर बारीक ठिपक्यांच्या ओळी असतात आणि त्यांनी त्याला पाण्यातली हालचाल कळते. शिवाय खरप्याच्या जिभेच्या टोकाला मधोमध एक खाच असते.

वर्गीकरण म्हणजे मोजणं. लोकांना वाटतं शास्त्रज्ञ म्हणजे काहीतरी सुचणारा माणूस. मला सात वर्षांत काहीही सुचलं नाही. मी काटे मोजले, खवले मोजले, डोळ्याचा व्यास मोजला, नाकापासून शेपटीपर्यंत पट्टी लावली. एका माशाला पाऊण तास. घोड नदी आमच्या शिरूरवरून जाते, मध्ये तिच्यावर धरण आहे, पुढे ती भीमेला मिळते आणि भीमेच्या काठावर दौंड. धरणाच्या वरचा खरपा आणि दौंडचा खरपा एकच की वेगळे, एवढाच माझा प्रश्न होता. पाच वर्षं उत्तर येत होतं: एकच. एकच असेल तर प्रबंध होतो, पण वाचणारा झोपतो.

आता आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे वडील, म्हस्कू. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की आबा मेंढपाळांच्या वाड्याबरोबर, म्हणजे तांड्याबरोबर, घाटाखाली उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. बारा वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले तेव्हा मेंढरं विकली, पाणी आलं होतं म्हणून कांदा लावला. पण चाळीस वर्षं मेंढरामागे चाललेला माणूस कांद्याकडे बघत किती वेळ बसणार? कांदा कुठे पळून जात नाही. ते दिवसभर बांधावर येरझारा घालायचे आणि आईला भंडावून सोडायचे. शेवटी माझी आई, गिताबाई, मला म्हणाली, "त्यास्नी काय तरी वळायला दे बाई."

मी मासे दिले.

आबांनी आयुष्यात कधी मासा धरला नव्हता. पहिल्या दिवशी ते घोडच्या काठावर नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मच्छरदाणीचा एक तुकडा दोन काठ्यांना बांधून गेले आणि चार खरपे घेऊन आले. महिन्याभरात ते माझ्यापेक्षा जास्त धरू लागले. कुठल्या दगडाखाली कोण बसतो, ऊन चढलं की कोण कुठे सरकतो, हे त्यांना पाठ. मी फक्त त्यांना एकदा झापलं. एका चांगल्या मोठ्या माशाचा पाठीवरचा पर फाटलेला होता. मी म्हणाले, "आबा, ह्या परातले काटे मी मोजते. हा फाटला की मासा वाया गेला." त्यांनी तो पर बोटाने चाचपून पाहिला. त्यानंतर त्यांच्या एकाही माशाचा पाठीवरचा पर फाटलेला मला मिळाला नाही.

दौंडचे मासे मी स्वतः आणायचे. भीमेवर मल्हारीमामा जाळं टाकतात, ते माझ्यासाठी खरपे बाजूला काढून ठेवायचे. डब्यात पाणी, पाण्यात हवेचा बॅटरीवरचा पंप, आणि डबा मांडीवर घेऊन मी एसटीत. पंपाचा आवाज ऐकून शेजारच्या बाया सरकून बसायच्या. गेल्या उन्हाळ्यात मला दोन्हीकडचे मासे काही आठवडे जिवंत ठेवून त्यांचे रंग आणि वागणं बघायचं होतं. कॉलेजात जागा नाही, म्हणून आमच्या मळ्यात ठेवायचं ठरलं. विहिरीजवळ सिमेंटचा हौद होता, शिवाय मी एक निळं पिंप आणून दिलं आणि आबांना बजावलं, "घोडचा मासा आणि भीमेचा मासा मिसळता कामा नये. मिसळले की माझं सगळं काम बुडालं."

"न्हाई मिसळत," आबा म्हणाले.

मी दर रविवारी शिरूरहून गावी जायचे. लागतील तेवढे मासे दोन बादल्यांत तयार असायचे. आबा बोटाने दाखवायचे: हे घोडचं, हे भीमंचं. मी बादल्यांवर चिठ्ठ्या लावून निघायचे. मासे मधल्या दिवसांत कसे ठेवले होते, हे मी विचारलं नाही. हौद होता, पिंप होतं, विचारायचं काय?

गेल्या जूनमध्ये, रंगांच्या नोंदी झाल्यावर, मी शिरूरच्या प्रयोगशाळेत त्यातला पहिला मासा उलटा केला आणि पोटाखालची वाटी दुभंगलेली दिसली. मधोमध सरळ फट, आणि पुढचा आडवा पडदा, जो दोन्ही बाजूंना जोडून वाटीला काठ देतो, तो नव्हताच. मासा घोडचा होता. इजा असेल म्हणून मी सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. कडा गुळगुळीत, रक्ताची खूण नाही, फाटलेलं काही नाही. दुसरा घोडचा मासा घेतला. दुभंगलेली. तिसरा. चौथा. त्या खेपेचे चौदाच्या चौदा तसेच. मग भीमेचे काढले, तर एकूण एक वाट्या अखंड.

त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, परत आत आले, परत मोजलं. नदीप्रमाणे मासा बदलत होता. एकही अपवाद नव्हता. असं कधी होत नाही. सात वर्षं शिकलेल्या बाईला तेवढंही कळायला हवं होतं की जिवंत प्राण्यांच्या कामात अपवाद नसणं हाच मोठा संशय. पण मला तेव्हा संशय नको होता.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझी चूक आहे आणि दुसऱ्या कुणाची नाही. माझ्याकडे घोडचे आणखी तीन मासे होते, फार पूर्वी मी स्वतः धरलेले, बोटाएवढे. बाकीचे जुने मासे मोजून झाल्यावर ठेवले नव्हते, आणि त्यांच्या वाटीची नोंद मी कधी केली नव्हती. त्यांच्या वाट्या अखंड होत्या. मी वहीत लिहिलं: "लहान वयात वाटी जोडलेली, वाढीबरोबर दुभंगत असावी." ज्या तिघांनी मला वाचवलं असतं त्यांना मी पोरं म्हणून बाजूला बसवलं.

सत्यजीत सर पहिल्यांदा मला "मॅडम" म्हणाले. नवी जात. आम्ही शोधनिबंध लिहिला आणि ऑक्टोबरात एका चांगल्या नियतकालिकाकडे पाठवला. नव्या जातीला नाव द्यावं लागतं. जागेचं देता येतं, माणसाचं देता येतं. स्वतःचं द्यायची रीत नाही. मी आबांचं दिलं.

घरी सांगितलं तेव्हा आबा ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडत होते. मी म्हणाले, घोडचा मासा वेगळा निघाला, जगात कुठे नोंद नाही, आणि त्याला तुमचं नाव दिलंय.

"वेगळा हायच," आबा म्हणाले, जणू मी आज सोमवार आहे असं सांगितलं होतं. मग थोड्या वेळाने, "माशाला म्हस्कू म्हणणार?"

"म्हस्कूचा मासा, असं म्हणणार."

"आन् मासा काय म्हणंल?"

आई हसून हसून ठसकली. पण दुसऱ्या दिवशी आबा धुतलेला पटका बांधून गावात गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत. संध्याकाळी सोसायटीच्या चेअरमनांचा मला अभिनंदनाचा फोन आला. वेगळेपण नेमकं कशात आहे, हे मी आबांना सांगितलं नव्हतं. पोटाखालच्या परांची गुंतागुंत त्यांना सांगून काय उपयोग, असं मला वाटलं होतं. तिथे माझं शिक्षण आडवं आलं.

जानेवारीत निबंध तपासणाऱ्यांची पत्रं आली. एकाने कौतुक केलं होतं. दुसऱ्याने विचारलं होतं, वाटी दुभंगलेली असताना हा मासा दगड धरतो कसा? जिवंत मासा काचेला चिकटलेला असतानाचा फोटो हवा, शिवाय त्याच जागेवरून ताजे धरलेले पाच-सहा नमुने तपासून तसं लिहा. मुदत तीन आठवडे. शंका रास्त होती. मला ती आधी पडली नाही याचीच लाज वाटली. पण काम सोपं होतं. मासा होता, नदी होती, आबा होते. तेवढं झालं की निबंध छापून येणार, मार्चच्या आत प्रबंध जाणार आणि मी सुटणार.

रविवारी सकाळी नवाच्या सुमाराला मी आणि आबा मोटरसायकलवरून घोडवर गेलो. मी चालवत होते, आबा मागे मच्छरदाणी धरून. पाणी गुडघ्याएवढं आणि स्वच्छ होतं. आबांनी धोतर खोचलं, दगडाच्या खालच्या अंगाला जाळी लावली, पायाने दगड हलवला. पहिल्याच झटक्यात दोन खरपे.

मी पहिला हातात घेऊन उलटा केला. वाटी अखंड.

असेल, एखादा असेल. दुसरा उलटा केला. अखंड. मी आबांना ओरडून म्हणाले, "मोठे धरा!" त्यांनी मोठे धरले. तिसरा, चौथा, पाचवा. काठाला काठ जोडलेली, पुढे पडदा असलेली, पुस्तकातल्या चित्रासारखी वाटी.

"आबा, तुम्ही ते मासे इथूनच धरले होते ना?"

"हितूनच की. ह्याच खडकापसनं."

"नक्की?"

"आता नदी बदलली का काय?" आबा म्हणाले आणि बादलीपाशी येऊन उकिडवे बसले. त्यांनी बंडीच्या खिशातून एक छोटी कात्री काढली. आईच्या शिलाई मशीनवरची, दोरे तोडायची. डावा तळवा पाण्यात भिजवला, बादलीतला एक मासा अलगद घेतला, उलटा केला, अंगठा पोटावर ठेवला. एक काप मधोमध. एक काप आडवा. मासा परत बादलीत. दोन सेकंदही लागले नसतील.

"आबा!"

"काय गं?"

"काय केलंत हे?"

"खूण केली."

मी तोच मासा बादलीतून उचलून बघत राहिले. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून ते समजावून सांगू लागले. वाड्यात चार-पाच जणांची मेंढरं एकत्र असतात. ज्याच्या त्याच्या मेंढराच्या कानाला ज्याची त्याची खूण. आपली डाव्या कानाचं टोक काढायचं आणि खाली एक खाच. कोकरू आठ दिवसांचं झालं की कापायचं, चार दिवसांत जखम भरते, जन्मभर झगडा नाही. "तूच म्हणालीस, मिसळू द्यायचं न्हाई. माशाला तर कान न्हाई. पाठीवरचा पर तू मोजतीस, तवा त्याला हात लावला न्हाई. खालचा तेवढा कापला."

"सगळ्यांचा?"

"घोडच्याच तेवढ्या. भीमंच्याला कशाला? दोन्हीकडं खूण केल्यावर ती खूण कसली?"

त्यांच्या बोलण्यात एकही चूक नव्हती. कापल्यावर हौदातल्या पाण्यात पाच-सहा आठवडे, कडा भरून गुळगुळीत झालेल्या. चौदाही मासे एकाच सवयीच्या हाताने, एकाच जागी कापलेले. म्हणून तर अपवाद नव्हता.

मला रडू आलं नाही, राग आला. आबांचा नाही म्हणता येणार, पण समोर आबाच होते. मी बादली उचलली आणि सगळी नदीत ओतली.

"आगं, धरल्याली मासं!" आबा म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला माझीच चीड आली. त्यांना कळतच नव्हतं की काय बिघडलं. परत येताना मोटरसायकलवर माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात इतका हलका होता की दोनदा मी आरशात बघितलं, आहेत का.

घरी आल्यावर सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बघा मॅडम, आपण उत्तरच देऊ नये. तीन आठवडे गेले की निबंध आपोआप बाद होतो. कुणी कारण विचारत नाही. तुमच्या वडिलांचं नाव यात कशाला आणायचं?"

एक मिनिट मला ते पटलं. सरांसाठी नाही, आबांसाठी पटलं. पण बाद झालेल्या निबंधाचा मसुदा लोकांकडे फिरतो, कुणीतरी त्यावरून दुभंगलेल्या वाटीचा खरपा शोधत घोडवर येईल, आणि सात वर्षं मोजून मी जगाला एक खोटा मासा देऊन जाईन. मी चुलीपाशी पाटावर बसून मोबाइलवरच पत्र लिहिलं. निबंध मागे घेत आहोत. नमुने ओळखू यावेत म्हणून ते गोळा करणाऱ्या संकलकाने पर कापले होते. संकलकाची पद्धत विचारून घेण्याची जबाबदारी माझी होती. मी विचारली नव्हती. दोनदा वाचलं आणि पाठवलं. आता परतीची वाट नव्हती.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं. नवी जात नाही. नाव नाही. पत्र गेलं. मार्चमध्ये माझी नोंदणीही बहुतेक जाणार. गोलगोल न फिरवता सगळं सांगितलं.

आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "माझ्या कात्रीपायी?"

"माझ्या न विचारण्यापायी. तुम्ही मी सांगितलं तेच केलंत."

त्यांनी मांडीवरच्या पटक्याचा पीळ सोडवला. मग म्हणाले, "म्हंजी मासा नवा न्हाई?"

"नाही. घोडचा आणि भीमेचा एकच. फरक तेवढाच होता, आणि तो तुमच्या कात्रीने झालेला."

"कात्रीनं फरक कसा हुईल?" आबांचा आवाज चढला. मी त्यांना इतकं चिडलेलं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "फरक हाय म्हणून तर कात्री लावली!"

"आबा, तुम्ही त्यांना वेगळं ठेवलं होतंत म्हणून तुम्हाला माहीत होतं कोण कुठला."

"कुठं वेगळं ठेवलं? तुझं पिंप उन्हानं तापायचं. दोन दिसात चार मासं मेलं. मग सगळी हौदातच सोडली."

"सगळी? एकत्र?"

"मग?"

"आणि रविवारी दोन बादल्या कशा असायच्या?"

"निवडायचो."

"खुणेवरनं?"

आबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "खूण पोटाखाली. मासा बसतो हौदाच्या तळाला पोट टेकून. वरनं पोट दिसतं व्हय?"

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. ठेवायचाही नव्हता, एकदा विश्वास ठेवून काय झालं ते समोर होतं. पुढच्या आठवड्यात मी दौंडला जाऊन मल्हारीमामांकडून नऊ खरपे आणले. घोडचे नऊ मी स्वतः जाऊन धरले, आबांना काठावरही येऊ दिलं नाही. अठरा काचेच्या बरण्या, अठरा आकडे बुडाला चिकटवलेले, कुठल्या आकड्याला कुठला मासा ते माझ्या वहीत. मग मी पाठ फिरवून उभी राहिले आणि आईला सांगितलं की बरण्या हव्या तशा उलटसुलट मांड. म्हणजे आबा माझ्या चेहऱ्यावरूनही काही वाचू शकणार नाहीत. आईने मांडता मांडता विचारलं, "एवढं चोरासारखं कशापायी?" मी म्हणाले, शास्त्र आहे. ती म्हणाली, असंल.

आबा एका बरणीपाशी चार-पाच सेकंद थांबत होते. "घोडचा. घोडचा. भीमंचा. ह्यो भीमंचा. घोडचा." एका माशापाशी त्यांनी बरणी उचलून उजेडाकडे धरली, परत ठेवली, भीमेचा म्हणाले. आई खडूने बरणीच्या झाकणावर घो किंवा भी लिहीत गेली. सगळं झाल्यावर मी बरण्या उचलून बुडाचे आकडे वहीशी ताडून पाहिले.

अठरापैकी सतरा बरोबर. अंदाजपंचे बोलणारा माणूस नऊ-दहापाशी थांबला असता. मी आकडे परत ताडले, मग खडू पुसून, बरण्यांची जागा बदलून आबांना आणखी एकदा विचारलं. परत सतरा. चुकलेला मासा दोन्ही वेळा तोच, अकरा नंबरचा.

"आबा, हा एक चुकला. हा घोडचा आहे."

"न्हाई. भीमंचाच हाय."

"मी स्वतः धरलाय."

"मग चिठ्ठी चुकीची लावली असशील," आबा म्हणाले. यावर ते शेवटपर्यंत मागे हटले नाहीत.

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. जूनची चूक परत करायची नव्हती. यावेळी मला संशय हवा होता, आणि तो भरपूर होता. दोन नद्यांचं पाणी वेगळं, खाणं वेगळं. तेवढ्यानेही तोंडं वेगळी दिसू शकतात. जात वेगळी आहे असं मी म्हणणार नव्हते. पण फरक काहीतरी होता. अठरा जिवंत मासे माझ्यासमोर होते आणि मला त्यांच्यात तो दिसत नव्हता.

"कुठं बघता तुम्ही?"

"गालाव." त्यांनी काचेवर नखाने दाखवलं. "डोळ्याच्या खालनं बारीक वळ निघत्यात बघ. भीमंच्याचा शेवटाला पोचतो. घोडच्याचा मधीच मोडतो आन् खालनं परत सुरू होतो. दिसतंय?"

गालावरच्या ठिपक्यांच्या ओळी. त्या मोजायच्या तर रंग लावावा लागतो, तासन्‌तास भिंगाखाली बसावं लागतं, आणि ज्यांनी खरप्यावर आधी काम केलं होतं त्यांनीही काटे आणि खवलेच मोजले होते. माझ्या प्रबंधाच्या मसुद्यात त्या ओळींवर एक वाक्य होतं: "दोन्हीकडे सारख्याच." मी दहा-बारा मासे वरवर पाहून ते लिहिलं होतं. मी काचेला नाक लावलं. पहिल्यांदा काही दिसलं नाही. मग मासा वळला, उजेड तिरका पडला आणि डोळ्याखाली एक बारीक रेघ दिसली, जी मध्यावर तुटत होती. मी दुसरी बरणी ओढली. मग तिसरी.

किती वेळ गेला कळलं नाही. आईने चहा आणून ठेवला, तो गार झाला. आबा शांतपणे भिंतीला टेकून बसले होते.

"आबा," मी मान वर न करता विचारलं, "तुम्हाला नुसतं तोंड बघून कळत होतं, तर ती खूण कशाला केलीत?"

"मला काय करायचीय खूण?" आबा म्हणाले. "मेंढरं दोनशे असू दे न्हाई तर चारशे, आपलं तोंड आपल्याला कळतं. कान कापायचा तो दुसऱ्या माणसासाठी. तू शिकल्याली, पर तुला माशाचं तोंड वळखू येत न्हवतं; मासा उलटा तेवढा करून बघतीस. मग तुझ्यासाठीच केली की गं ती."